दोन कप्प्यांचा कॅमेरा

"आहे तो चालतोय ना? मग कशाला?"

मी पोळ्या लाटत होते आणि हे ओट्याला टेकून उभे होते. विषय होता माझ्या कॅमेऱ्याचा. तसं बघायला गेलं तर यांचं काही चुकत नव्हतं. २०१३ साली मुलाच्या मुंजीच्या निमित्ताने घेतलेला माझा निकॉन डी ३२०० खरोखरच चालत होता. पट्टा झिजला होता, मागच्या बटणांवरची अक्षरं पुसट झाली होती, पण बोट दाबलं की 'खट्' व्हायचं आणि फोटो निघायचा. मी गप्प बसले. आमच्या घरातली मोटारसायकल या अकरा वर्षांत दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा जुनी उत्तम चालत होती, हे मला आठवलं रात्री भांडी घासताना. चोख उत्तरं आपल्याला नेहमी भांडी घासतानाच का सुचतात, देव जाणे!

मी चिपळूणची. मुंजीनंतर कॅमेरा कपाटात पडून राहू नये म्हणून शेजारपाजारच्या मुलांचे वाढदिवस टिपायला लागले. मग कोणाचं डोहाळजेवण, कोणाचं बारसं, श्रावणातली मंगळागौर. बायकांच्या कार्यक्रमात फोटो काढणारी बाई असली की सगळ्या मोकळ्या होतात, पदर सावरत बसत नाहीत. बोलावणी वाढली, मग पाकीटही मिळू लागलं. पण घरात मात्र शब्द एकच, "हिची हौस." प्रत्येक पाकिटातला पाचवा हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकत आले. त्या खात्यालाही घरात नाव होतं, 'हौसेचं खातं'.

आता खरं सांगते. नवा कॅमेरा हवा असं पहिल्यांदा मनात आलं ते रागापोटी. मे २०२४ मधलं एक लग्न. व्हिडिओवाल्यांच्या जथ्यातला एक मुलगा माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "काकू, हा तो बेसिकवाला ना?" वाईट हेतूने नाही म्हणाला, पण लागलं. घरी आले ती 'आता मोठाच घ्यायचा' असं ठरवूनच. चार दिवसांनी डोकं शांत झाल्यावर वाटलं, सत्तर हजार रुपये काय त्या पोराच्या एका वाक्यासाठी घालवायचे? हौस किती आणि गरज किती, हे आधी कळायला हवं.

मग मी एक वही केली. घरखर्चाची असते ना, तशीच. कुठल्याही कार्यक्रमाहून आले की जे फोटो मनासारखे आले नाहीत ते एकेक लिहायचे आणि पुढे कारण. मे ते गणपती, एवढे दिवस. पहिल्या पानावर मात्र मी एक जुनीच तक्रार लिहिली. २०१९ सालची.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या बाळाचं ते बारसं. नव्वदीच्या घरातली पणजी पाळण्याशी बसली होती. तिने थरथरत्या हातांनी बाळाच्या कानाशी कुर्रर्र केलं, सोन्याची फुलं उधळली. मी सगळं टिपलं, अडीचशे फोटो. रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं तर कोरं! फोटो परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर झाली, कोल्हापूरला एका जाणकाराकडे कार्ड पाठवून झालं, काही हाती लागलं नाही. त्या मुलीला सांगायला गेले तेव्हा पाय जड झाले होते. तीच म्हणाली, "असू दे ताई, फोनवर आहेत पाच-सहा." त्याच थंडीत पणजी गेली.

पुढे २२ जुलै २०२१ उजाडला. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, बाजारपेठेत तर पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. आमचं घर चढावर म्हणून वाचलं. पाणी ओसरलं, चिखल काढून झाला, आणि मग आठ-पंधरा दिवसांनी माझ्याकडे बायका यायला लागल्या. कोणाच्या हातात चिकटून लगदा झालेला अल्बम, कोणाच्या काहीच नाही. "ताई, आमच्या डोहाळजेवणाचे आहेत का हो तुमच्याकडे?" माझ्या हार्डडिस्कवर होते. मी रात्री जागून पेन ड्राइव्ह भरून दिले. एक आजी तर लेकीचा फोटो बघून दारातच बसल्या. त्या दिवसांत मला कळलं की मी जे करते त्याला हौस म्हणत नाहीत.

ती मुलगीही आली. फोन पाण्यात गेला होता. "नाहीतच हे माहीत आहे," म्हणाली, "तरी एखादा चुकून राहिला असेल तर…" राहिला नव्हता.

ही माझ्या वहीतली तक्रार क्रमांक एक. कारणापुढे लिहिलं: कॅमेऱ्यात कार्डाचा कप्पा एकच.

गणपती गेल्यावर वही घेऊन हिशेबाला बसले. एकूण तक्रारी ४७. त्यातल्या १९ चक्क माझ्याच चुका! फोकसचा ठिपका भलतीकडे, पांढऱ्या भिंतीसमोर चेहरे काळे, असलं सगळं. कॅमेऱ्यासोबत आलेलं पुस्तक अकरा वर्षांत पहिल्यांदा नीट वाचलं आणि त्यातल्या बऱ्याच मिटल्या, फुकटात. मैत्रिणींनो, नवा कॅमेरा घ्यायच्या आधी जुन्याचं पुस्तक वाचा. लाजू नका, कोणीच वाचलेलं नसतं.

आणखी १२ तक्रारी लेन्सने सुटणाऱ्या होत्या. कॅमेऱ्याचे दोन भाग असतात, लेन्स आणि बॉडी. लेन्स काढल्यावर जे हातात उरतं ती बॉडी. सेन्सर, शटर, कार्डाचा कप्पा सगळं तिच्या पोटात. बहुतेक जण पैसे आले की आधी बॉडी बदलतात आणि फोटो तसेच येतात, कारण उजेड आत येतो तो लेन्समधून. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती १८-५५ची लेन्स जवळ ओढून घेतली की तिचं छिद्र एफ ५.६ वर येतं. ५० मिलिमीटरच्या एफ १.८ लेन्समधून त्याच्या नऊ-दहापट उजेड आत येतो. मी जुलैमध्येच ती वापरलेली लेन्स नऊ हजारांना घेतली होती. दिव्यांच्या उजेडातली ओटी भरणी, सत्यनारायणाची आरती एकदम जिवंत दिसायला लागली.

उरल्या १६. या मात्र बॉडीच्याच होत्या.

त्यातल्या ९ मंगळागौरीच्या. ज्यांनी जागवली असेल त्यांना सांगायला नको, रात्री अकरानंतर खेळांना रंग चढतो आणि घरात असते एक ट्यूबलाइट. फुगडी गरगर फिरत असते. फोटो स्पष्ट हवा तर शटर सेकंदाच्या २५०व्या भागात मिटायला हवं. तेवढ्या वेळात उजेड पुरत नाही. फ्लॅश मारावा तर नथ आणि जर तेवढी चमकते, चेहरे सपाट होतात. शहरात फ्लॅश वर पांढऱ्या छताकडे वळवतात, म्हणजे उजेड मऊ होऊन खाली येतो. आमच्याकडे वर कौलं आणि काळी पडलेली वाशांची लाकडं, उजेड फेकायचा कुठे? मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडण्याची ताकद, वाढवावी लागते. माझ्या कॅमेऱ्यात ६४०० पर्यंत नेली की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायचे.

पुढच्या ३ तक्रारी अंधारात फोकस सापडत नाही म्हणून. आणखी ३ माझ्या उंचीच्या! अंतरपाट दूर होतो तो क्षण. सगळे उंच व्हिडिओवाले पुढे आणि मी पाच फुटी बाई मागे. कॅमेरा डोक्यावर धरायचा आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबायचं. आणि शेवटची, पहिल्या पानावरची, कप्प्याची. नऊ, तीन, तीन आणि एक, झाल्या सोळा.

या सोळा घेऊन मी शोधाला लागले. आधी एक गोष्ट स्वच्छ दिसली की डीएसएलआरचा जमाना उतरणीला लागला आहे. निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, सगळा जोर आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. मुलगा म्हणाला, "आई, मग मिररलेसच घे ना." त्याचं बरोबर होतं. पण दोन कप्प्यांची मिररलेस बॉडी, वर माझ्या लेन्स बसवायचा अडॅप्टर, हिशेब लाखाच्या आसपास जात होता. खात्यात सत्तर हजार. दुसरीकडे, लोक मिररलेसकडे वळताहेत म्हणून चांगले डीएसएलआर वापरलेल्या बाजारात स्वस्त झालेले. मी ठरवलं, वापरलेलाच घ्यायचा. पुढे कधीतरी सुटे भाग मिळायला त्रास होईल, हे गृहीत धरून.

यादीत तीन नावं राहिली. डी ७२०० हा २०१५ सालचा, दोन कप्पे, माझ्या सगळ्या लेन्स जशाच्या तशा चालणार. डी ७५०० त्याच्यानंतरचा, २०१७चा, दर सेकंदाला जास्त फोटो काढणारा. पण त्यात कप्पा एकच! नवीन म्हणजे सगळ्याच बाबतीत वरचढ असं नसतं, ते तिथे कळलं. आणि तिसरा डी ७५०, २०१४चा, 'फुल फ्रेम'.

फुल फ्रेम म्हणजे काय ते मी सासूबाईंना असं सांगितलं. पावसात पागोळीखाली तांब्या ठेवला आणि शेजारी घंगाळ ठेवलं, तर तेवढ्याच वेळात कशात जास्त पाणी साठेल? डी ७५०चा सेन्सर माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या जवळजवळ अडीचपट मोठा. म्हणून अंधारात तो जास्त उजेड गोळा करतो, दाणे कमी दिसतात. मात्र एक मेख आहे. लहान सेन्सरसाठीच्या लेन्स त्याच्यावर लावल्या तर तो फक्त मधला तुकडा वापरतो आणि फोटो २४ मेगापिक्सेलचा १० वर येतो. म्हणजे माझी १८-५५ बाद, नवी लेन्स घेणं आलं. आणि वजन? नुसती बॉडीच पाऊण किलो.

गंमत बघा. जुन्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल २४.२ आणि डी ७५०चे २४.३. हे म्हणाले, "म्हणजे एवढे पैसे पॉइंट एकसाठी?" मी वही पुढे केली. पाचेक मिनिटं पानं उलटत होते. पहिल्या पानावर थांबले. काही बोलले नाहीत, नुसतं विचारलं, "मुंबईला जायला लागेल का?"

नोव्हेंबरमध्ये रात्रीची कोकणकन्या पकडून एकटीच गेले. सीएसएमटीला उतरलं की हाकेच्या अंतरावर फोर्टातला बोरा बाजार, कॅमेऱ्यांची जुनी पेठ. मनात पक्कं होतं, डी ७२००. बत्तीस हजारांत बसतो, लेन्स बदलायला नकोत, पैसेही उरतील.

दुकानदार काकांनी दोन्ही बॉडी काउंटरवर ठेवल्या. "घरच्या वापराला का ताई?" "नाही, कामाला," मी म्हटलं. हे वाक्य अनोळखी माणसापुढे पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

वापरलेली बॉडी कशी पाहायची ते मी लिहूनच नेलं होतं. आधी शटर किती वेळा उघडलंय तो आकडा. तो फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, काढायला सांगायचा. या दोन्ही मॉडेलची शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेली आहेत. समोरच्या डी ७५०चा आकडा होता ३८ हजार. मग लेन्सला झाकण लावून एक फोटो काढायचा. काळ्यावर रंगीत ठिपके दिसले तर सेन्सरचे काही बिंदू बिघडलेत. मग छिद्र एफ १६ला नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो, त्यात सेन्सरवरची धूळ दिसते. दोन्ही कप्प्यांत कार्ड घालून फोटो दोन्हीकडे उतरतोय ना ते पाहायचं. बॅटरीचं वय या कॅमेऱ्यांत मेन्यूतच दिसतं, ० म्हणजे ताजी आणि ४ म्हणजे बदलायला झाली. आणि शेवटी बॉडीखालचा नंबर बिलावर तोच आहे ना, ते. काका हसून म्हणाले, "शिकून आलाय तुम्ही."

मग मी त्यांच्या पोऱ्याला घेऊन त्या जुन्या इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात गेले. त्याला म्हटलं, गरागरा हात फिरव. दोन्ही बॉडींना माझीच ५०ची लेन्स, आयएसओ ६४००, शटर १/२५०, छिद्र २.८. परत येऊन पडद्यावर मोठं करून पाहिलं. डी ७२००चा फोटो माझ्या जुन्यापेक्षा चांगला होता, पण पोऱ्याच्या शर्टाच्या चौकटी दाण्यांत विरघळल्या होत्या. डी ७५०मध्ये चौकड्यांचं कापड ओळखू येत होतं. शिवाय त्याचा मागचा पडदा बाहेर ओढून खाली वळवता येत होता. डोक्यावर धरा आणि खालून बघा. माझे अंतरपाटाचे तीन प्रश्न तिथल्या तिथे संपले.

आणि तरीही माझ्या तोंडून निघालं, "तो ७२०० द्या काका."

काकांनी तो उचललासुद्धा. मी माझ्याशीच थबकले. का बरं म्हटलं मी असं? विचारपूर्वक म्हटलं, की सवयीने? तव्यावरची पहिली फुगलेली पोळी दुसऱ्याच्या पानात आणि शेवटची, जरा करपलेली, आपल्या, या सवयीने? वीस वर्षांत स्वतःसाठी दुकानात गेले की माझा हात आपोआप स्वस्तातल्या वस्तूकडे जातो. मी पर्समधून वही काढली आणि काउंटरवरच मोजलं. डी ७२०० घेतला तर सोळापैकी चार तक्रारी पूर्ण मिटत होत्या, फोकसच्या तीन आणि कप्प्याची एक. मंगळागौर अर्धवट सुटत होती. डी ७५०ने सोळाच्या सोळा. माझ्या कामाचा पुरावा माझ्याच अक्षरात समोर होता.

"नको काका, तो दुसरा."

बॉडी ४९ हजार. त्याच्याबरोबर वापरलेली २४-८५ची लेन्स १३ हजार. दोन कार्डं आणि जादा बॅटरी सहा हजार. तेव्हाचे हे भाव, तेही घासाघीस करून. खात्यात दोन हजार उरले.

"बिल कोणाच्या नावाने करू?" काकांनी विचारलं. यांचं नाव ओठांवर आलं होतं, गॅस, टीव्ही, फ्रिज सगळं त्यांच्याच नावावर, म्हणून. मला होमाई व्यारावाला आठवल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या, माणेकशॉ यांच्या नावाने छापले जायचे. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळालं. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, स्पेलिंगसह.

सगळ्यांनी हाच कॅमेरा घ्यावा असं मी म्हणणार नाही. तुमच्या मुलाला धनेश टिपायचे असतील तर लहान सेन्सरचा डी ७२०० जास्त उपयोगी, त्यात लांबचं दीडपट जवळ दिसतं आणि वजनही कमी. घरच्या वाढदिवसांपुरतं असेल तर हातातला मोबाइल पुरे आहे. पण काहीही घेण्याआधी तीन-चार महिने वही ठेवा. शिलाई मशीन असो, ओव्हन असो, नाहीतर स्कूटर. वहीने मला पहिल्या १९ तक्रारींत माझी जागा दाखवली आणि शेवटच्या १६ तक्रारींत माझा हक्क. कोकणात किंवा कुठल्याही दमट गावात राहत असाल तर आणखी एक. पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं.

जुना कॅमेरा मी विकला नाही. दुसऱ्या खांद्यावर तो असतो, १८-५५ लावलेला. खांदे दुखतात, खोटं कशाला बोलू. पण २०२५च्या श्रावणात मंगळागौरीत फुगडीचा एक फोटो असा आला की दोघींच्या वेण्या हवेत आहेत आणि दोघींचे दातसुद्धा मोजता येतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मुलीचा फोन आला. दुसरं बाळ. "ताई, बारशाला तुम्हीच यायचं." मला वाटलं होतं, ती मला पुन्हा कधी बोलावणार नाही. गेले. या वेळी पाळण्याशी तिची आई बसली होती. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांत उतरत होता, आणि मी दर दहा मिनिटांनी उगाचच तपासत होते.

रात्री उशिरा घरी आले. सगळे झोपले असतील म्हणून दिवा न लावता लॅपटॉप उघडला. मागून यांचा आवाज आला.

"दोन्हीकडे आलेत ना?"

"आलेत."

"मग जेव आधी. पोळ्या झाकून ठेवल्यात."